डिमॅट खात्याचा रिव्ह्यू, आणि जोडीला भावेसाहेबांचा

मिक्सरचा रिव्ह्यू लोक तीन तीन पानं लिहितात, मिसळीचा लिहितात, पण ज्या खात्यात घरातली निम्मी शिल्लक पडून असते त्या डिमॅटचा, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्याचा, कुणी लिहिलेला मी तरी पाहिला नाही. म्हणून हा प्रपंच. कुठल्या ब्रोकरचं ॲप भारी आणि कुणाचं ब्रोकरेज कमी हे इथे मिळणार नाही, त्यासाठी यूट्यूब आहे. मला बोलायचंय ते ॲपच्या खाली जी यंत्रणा आहे तिच्याबद्दल. तुमचे शेअर ब्रोकरकडे नसतात, ते एनएसडीएल नाहीतर सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी, म्हणजे शेअर कॉम्प्युटरमधल्या नोंदीने सांभाळणाऱ्या संस्थांपैकी, एकीकडे असतात, ब्रोकर फक्त काउंटरवर बसलेला असतो. खातं कुठलं ते नंबरवरून कळतं, आयएनने सुरू होत असेल तर एनएसडीएल, सोळाच्या सोळा आकडेच असतील तर सीडीएसएल. बघा आत्ता, बऱ्याच जणांना आपलं कुठलं ते माहीत नसतं.

आणि या विषयावर लिहायचं तर एनएसडीएलचे आणि पुढे सेबीचे (म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचे) प्रमुख झालेले चंद्रशेखर भास्कर भावे यांना सोडून लिहिता येत नाही. नाव ओळखीचं वाटलं नाही ना? बाबांच्या पिढीला हर्षद मेहता तोंडपाठ, त्याच्यावर तासभर बोलतील, पण ज्यांनी नंतरचा राडा आवरला त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. असो.

आधी जुना प्रकार काय होता ते सांगतो, नाहीतर आजच्या सर्व्हिसला किती मार्क द्यायचे ते कळणार नाही. बाबांकडे एक ब्रीफकेस आहे, त्यात ९० च्या आसपासची शेअर सर्टिफिकेटं. जाड हिरवट कागद, कडेने नक्षी, वर फोलिओ नंबर (कंपनीकडचा तुमचा खाते क्रमांक), खाली डिस्टिंक्टिव्ह नंबर इथपासून तिथपर्यंत, आणि मागच्या बाजूला कोष्टक. त्या कोष्टकात प्रत्येक ट्रान्सफरची एक ओळ, रबरी शिक्का आणि कुणाची तरी तिरकी सही. एका सर्टिफिकेटवर बाबांच्या आधी चार मालक होऊन गेलेत. म्हणजे शेअर घ्यायचा तर ब्रोकर तुम्हाला कागद आणून देणार, सोबत विकणाऱ्याने सही केलेला ट्रान्सफर डीड, त्याच्यावर तुम्ही सही करायची, शेअर ट्रान्सफरची तिकिटं चिकटवायची आणि रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीला पाठवायचं. मग वाट बघायची. महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त. आणि एवढं करून पाकीट परत यायचं, आत चिठ्ठी, की विकणाऱ्याची सही जुळत नाही. याला बॅड डिलिव्हरी म्हणायचे. विकणारा कोण तर राजकोटचा नाहीतर कलकत्त्याचा कुणीतरी अनोळखी माणूस, त्याला शोधणार कोण, तर परत ब्रोकर. तोवर मधे डिव्हिडंड आला बोनस आला तर तो जुन्या मालकाच्या नावावर. पोस्टात सर्टिफिकेटं गहाळ व्हायची, चोरीला जायची, बनावट निघायची. आणि या सगळ्या प्रवासात तुमचा माल पाच-सहा परक्या हातांतून जायचा, हा मुद्दा लक्षात ठेवा कारण पुढे तोच लागणार आहे.

भावे जबलपूरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून १९७५ साली आयएएसमध्ये आले, कॅडर महाराष्ट्र. १९९२ मध्ये ते सेबीत आले सीनियर एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर म्हणून. टायमिंग बघा, हर्षद मेहताचा घोटाळा फुटलेला, सेबीला कायद्याने अधिकार त्याच वर्षी मिळालेले, त्याआधी सेबी म्हणजे पत्र लिहिणारं ऑफिस. मग १९९४ च्या नोव्हेंबरात एनएसईवर, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर, शेअरचे सौदे स्क्रीनवर सुरू झाले आणि एक मजेदार अडचण उभी राहिली, की सौदा सेकंदात होतोय पण त्यामागे कागद तोच आणि पोस्ट तेच. म्हणजे पुढे कॉम्प्युटर आणि मागे गोण्या. सौदे वाढतील तसा कागद वाढणार, बॅड डिलिव्हरी वाढणार. उपाय एकच होता, कागदच काढून टाकायचा. १९९५ ला वटहुकूम आला, १९९६ ला डिपॉझिटरीज ॲक्ट, आणि आयडीबीआय, यूटीआय आणि एनएसई या तिघांनी मिळून एनएसडीएल काढली. तिचा प्रमुख म्हणून भावे गेले, आणि आयएएस सोडून गेले. आपल्याकडे आयएएस सोडणं म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको, तेही अशा कंपनीसाठी जिचं एकही गिऱ्हाईक अजून यायचं होतं.

नोव्हेंबर १९९६ ला ती सुरू झाली. सुरुवातीला लोकांना पटेना, कारण हातात कागद असला की माल आपला वाटतो आणि कॉम्प्युटरमधली एंट्री म्हणजे काय भरवसा. कंपन्या म्हणायच्या गुंतवणूकदार आले की आम्ही येऊ, गुंतवणूकदार म्हणायचे आधी कंपन्या येऊ देत. शेवटी सेबीने सक्ती केली, आधी मोठ्या संस्थांना आणि मग १९९९ पासून टप्प्याटप्प्याने सगळ्यांना, आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांत बाजारातून कागद जवळपास संपला. १९९९ मध्येच बीएसईवाल्यांनी सीडीएसएल काढली म्हणून स्पर्धाही आली. भावे २००८ पर्यंत एनएसडीएलमध्ये होते, आणि ज्यांना शेअरमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही या कंपनीचं नाव वाचलंय, कारण २००४ नंतर पॅन कार्डाचा फॉर्म आणि टीडीएसची टॅक्स इन्फर्मेशन नेटवर्क ही कामंसुद्धा तिच्याकडेच आली. नंतर ही कामं आणि डिपॉझिटरी वेगवेगळ्या कंपन्यांत गेली.

आता सर्व्हिस. रोजच्या वापरात तक्रारीला जागा फारच कमी, आणि हे मी खवचट माणूस असूनही सांगतोय. आज घेतलेला शेअर उद्या खात्यात, २०२३ च्या जानेवारीपासून सगळ्याच शेअर्सना हा एका दिवसाचा हिशोब लागू आहे, आणि बऱ्याच प्रगत देशांत तेव्हा दोन दिवस लागत होते. बोनस आपोआप येतो, स्प्लिट आपोआप, डिव्हिडंड थेट बँकेत. खात्यातून काही हललं की मेसेज येतो. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्याचं एक सीएएस, म्हणजे एकत्रित स्टेटमेंट, येतं मेलवर, त्यात सगळ्या डिमॅट खात्यांतला माल आणि सगळे म्युच्युअल फंड एका ठिकाणी, पासवर्ड तुमचा पॅन. माझ्या मते पूर्ण यंत्रणेतलं हे सगळ्यात उपयोगी प्रॉडक्ट आहे आणि लोक ते न उघडता डिलीट करतात. ब्रोकरचं ॲप काहीही दाखवू दे, सीएएस डिपॉझिटरी पाठवते, त्यात जे आहे ते खरं.

हे एवढं ठासून का सांगतोय तर कार्वी. २०१९ च्या नोव्हेंबरात सेबीने ऑर्डर काढली की या ब्रोकरने क्लायंटचे शेअर गहाण टाकून पैसे उचलले. कसे टाकले? तर पॉवर ऑफ ॲटर्नी वापरून, जी आपण सगळेच खातं उघडताना वीस ठिकाणी सह्या करत देऊन टाकायचो. कागद गेला, पोस्ट गेलं, पण एक परका हात मागच्या दाराने परत आत आला होता. डिपॉझिटरी होती म्हणून निदान कुणाचा माल कुठे गेला त्याचा माग लागला, आणि पुढच्याच महिन्यात एनएसडीएलने सुमारे ८३ हजार लोकांचे शेअर त्यांच्या खात्यात परत टाकले. कागदाच्या जमान्यात हे झालं असतं का, विसरा. त्यानंतर गहाणाची पद्धत बदलली, आता शेअर तुमच्याच खात्यात राहून प्लेज होतो आणि त्यासाठी ओटीपी तुमच्या मोबाईलवर येतो. २०२२ पासून नव्या खात्यांना पॉवर ऑफ ॲटर्नीच्या जागी डीडीपीआय नावाचा मर्यादित अधिकार आला. तोही देणं सक्तीचं नाही, नाही दिला तर विकताना टीपिन (व्यवहाराचा पिन) आणि ओटीपी टाकावा लागतो एवढंच. मी दिलेला नाही. दोन मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

मार्क कापायची वेळ येते ती जुना कागद डिमॅट करताना. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर होत नाही, आधी डिमॅट करा, म्हणून आम्ही यंदा ती ब्रीफकेस काढली. आता माझ्या कल्पनेत काय होतं, फॉर्म भरायचा, सर्टिफिकेट द्यायचं, झालं. प्रत्यक्षात कंपनीच्या शेअरधारकांच्या नोंदी बघणाऱ्या रजिस्ट्रारने (नाव घेत नाही, सगळे एका माळेचे मणी आहेत) आधी केवायसीचे फॉर्म मागितले, आयएसआर-१, आयएसआर-२, शिवाय नॉमिनीचा वेगळा. आयएसआर-२ म्हणजे सही जुळत नसेल तर बँकेच्या मॅनेजरने साक्षांकित करून द्यायचा कागद. बाबांची १९९१ ची सही म्हणजे एक झोकदार मराठी सही, शेवटी लांब शेपूट. आता हात कापतो, शेपूट राहिलेलं नाही. बँकेच्या मॅनेजरबाई म्हणाल्या आमच्याकडे यांची इंग्रजी सही आहे, मी मराठी सहीला शिक्का कशी मारू. आता यावर बाबा काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग नावं. एका कंपनीत नुसती आद्याक्षरं आणि आडनाव, दुसरीकडे पूर्ण नाव, पॅनवर तिसरंच स्पेलिंग, म्हणून नोटरीकडे जाऊन हे तिघे एकच इसम आहेत असं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. त्यातही काही सर्टिफिकेटांवर आईचं नाव आधी आणि बाबांचं नंतर, डिमॅट खात्यात बाबा आधी. मला वाटलं आता नवीन खातं उघडावं लागणार, पण नाही, याला ट्रान्सपोझिशन म्हणतात, दोन्ही नावं तीच असतील आणि फक्त क्रम वेगळा असेल तर डिमॅट रिक्वेस्टसोबत एक जादा फॉर्म जोडला की चालतं. ही गोष्ट आम्हाला बँकेतल्या डिमॅटच्या टेबलावर कुणी सांगितली नाही, त्यांना स्वतःला माहीत नव्हती. शेवटी सर्टिफिकेटावर 'सरेंडर्ड फॉर डीमटेरिअलायझेशन' असा शिक्का मारतात. आईला तो शिक्का बघून वाईट वाटलं, मला तर हायसं वाटलं.

एका कंपनीचे शेअर मात्र हाती लागलेच नाहीत, सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही म्हणून ते सरकारच्या आयईपीएफमध्ये, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, गेले. ते परत मिळतात, आयईपीएफ-५ नावाचा फॉर्म असतो, पण तो किस्सा वेगळा आहे आणि तो अजून संपलेला नाही. तुमच्याकडे आजोबांचे कागद असतील तर बाकी सगळं सोडून आधी एवढंच करा, फोलिओला आजचा पत्ता आणि बँक खातं जोडा.

या भागाला मी पाचपैकी दोन देईन. रोजच्या वापराला साडेचार. डिपॉझिटरीच्या आतलं काम चोख आहे, पण तिच्या दारापर्यंत पोहोचायचा रस्ता अजून १९९१ मध्येच आहे.

आता भावेसाहेबांचा उत्तरार्ध, कारण मला तोच जास्त इंटरेस्टिंग वाटतो. २००८ च्या फेब्रुवारीत ते सेबीचे चेअरमन झाले, तीन वर्षांसाठी. आले तेव्हा रिलायन्स पॉवरच्या आयपीओचं, म्हणजे कंपनीने लोकांना पहिल्यांदा शेअर विकण्याचं, ताजं ताजं होतं. लोकांनी चेक फाडून पैसे भरले, पैसे अडकून पडले, आणि लिस्टिंगच्या पहिल्याच दिवशी भाव बंद झाला तो इश्यू प्राइसच्या खाली. तेव्हाचा नियमच तसा होता, अर्जासोबत चेक द्यायचा, अलॉटमेंट नाही झाली तर आठवड्यांनी रिफंड, तोवर तुमचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात. त्याच वर्षी अस्बा आलं, म्हणजे पैसे तुमच्याच बँक खात्यात राहणार, फक्त ब्लॉक होणार, व्याज तुमचं. आज यूपीआयवर मँडेट अप्रूव्ह करता ते त्याच झाडाचं फळ. मोठ्या संस्था तेव्हा फक्त दहा टक्के मार्जिन भरून बोली लावायच्या आणि आपल्याला मात्र पूर्ण पैसे, हेसुद्धा २०१० च्या मेपासून बंद करून त्यांनाही शंभर टक्के भरायला लावलं. मला हे वाचून भारी वाटलं होतं, खरंच.

मग म्युच्युअल फंड. तेव्हा इक्विटी फंडात साधारण सव्वादोन टक्के एंट्री लोड असायचा, दहा हजार टाकले की दोनशे पंचवीस आधीच गायब आणि ९,७७५ ची युनिटं हातात. थेट फंड कंपनीकडे गेलात तर २००८ च्या सुरुवातीपासून लोड माफ होता, भावे यायच्या आधीपासून, पण तसं जाणार कोण. १ ऑगस्ट २००९ पासून एंट्री लोड सरसकट बंद. एजंटला काय द्यायचं ते तुम्ही आणि तो ठरवा, वेगळा चेक द्या. यावर एवढा आरडाओरडा झाला की विचारू नका. आणि एजंटांचीही एक बाजू होतीच, सांगली-जळगावसारख्या गावात जो माणूस स्कूटरवर फिरून लोकांना एसआयपी समजावत होता त्याचं पोट त्यावर चालायचं आणि आपल्याकडे सल्ल्याचे पैसे वेगळे द्यायची कुणाला सवय नाही. त्यातले बरेच जण फंड सोडून युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) विकायला लागले कारण तिकडे कमिशन जोरात. म्हणजे एक भोक बुजवलं तर पाणी शेजारून.

तर भावेंनी तिकडेही हात घातला. ९ एप्रिल २०१० ला सेबीने १४ विमा कंपन्यांना सांगितलं की युलिपमध्ये गुंतवणूक आहे, आमची नोंदणी घेतल्याशिवाय विकू नका. विमा नियामक आयआरडीए म्हणाली दुर्लक्ष करा आणि विका. दोन सरकारी नियामक भर रस्त्यात भांडतायत असं दृश्य. जूनमध्ये सरकारने वटहुकूम काढून युलिप आयआरडीएकडे देऊन टाकलं, म्हणजे सेबी हरली. पण सप्टेंबरपासून आयआरडीएने स्वतःच युलिपच्या खर्चावर मर्यादा घातली आणि लॉक-इन तीनचं पाच वर्षं केलं. भांडण हरून गिऱ्हाइकाचं काम झालं, असं माझं मत. माझ्या एका नातेवाइकाला २००७ मध्ये एका बँकेने एफडीसारखंच आहे म्हणून युलिप गळ्यात मारली होती, पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला केवढा तुकडा चार्जेसमध्ये गेला ते स्टेटमेंट मी स्वतः बघितलंय, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

सहाराचं प्रकरण सुरू झालं तेही याच काळात. ग्रुपमधल्या एका कंपनीने आयपीओसाठी कागदपत्रं दिली आणि ती तपासताना सेबीला दिसलं की दुसऱ्या दोन कंपन्या डिबेंचरच्या, म्हणजे कर्जरोख्यांच्या, नावाखाली लोकांकडून भरमसाट पैसा गोळा करतायत. नोव्हेंबर २०१० ला अंतरिम आदेश निघाला. पुढचा सविस्तर आदेश जून २०११ ला सेबीचे तेव्हाचे सदस्य के. एम. अब्राहम यांनी दिला, तोवर भावे घरी गेले होते, आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने २४ हजार कोटींच्या वर रक्कम व्याजासकट परत करायला सांगितलं. त्यामुळे याचं सगळं श्रेय भावेंना देणं चूक, अब्राहम यांचं नाव आधी घ्यायला हवं.

आणि नावडती बाजू. २००३ ते २००५ च्या दरम्यान आयपीओचा घोटाळा झाला होता, एकेकाने हजारो बेनामी डिमॅट खाती काढून लहान गुंतवणूकदारांचा कोटा लाटला. एकाच पत्त्यावर हजारो खाती, आणि डिपॉझिटरीला ते दिसलं नाही? २००६ मध्ये सेबीने एनएसडीएलला यावरून धारेवर धरलं, तेव्हा तिचे प्रमुख भावेच. आणि दोन वर्षांनी तेच सेबीचे चेअरमन. त्यांनी स्वतःला त्या प्रकरणातून बाजूला ठेवलं, वेगळी समिती नेमली गेली, तिने एनएसडीएलवर ठपका ठेवला, आणि सेबीच्या बोर्डाने नंतर तो आदेश बाजूला सारला. वाद बरीच वर्षं चालला. माझ्या मते अशी नेमणूक करतानाच सरकारने विचार करायला हवा होता. बाजूला बसलं तरी तुमच्या हाताखालचे लोकच तुमच्या जुन्या कंपनीचा निकाल देणार, हे बरं दिसत नाही, माणूस कितीही सचोटीचा असला तरी.

तरी पूर्ण कारकीर्द बघितली तर एकच काम हा माणूस वेगवेगळ्या खुर्च्यांत बसून करत होता असं मला वाटतं, तुमचा पैसा नाहीतर माल जिथे जिथे परक्या हातात जातो ती जागा शोधायची आणि तो हात काढायचा. आधी सर्टिफिकेट, मग आयपीओचा चेक, मग लोड. लोडचं काम अर्धवट राहिलं म्हणा, कारण कमिशन गेलं नाही, ते एनएव्हीच्या, म्हणजे युनिटच्या भावाच्या, आत जाऊन बसलं आणि रेग्युलर प्लॅनवाले, म्हणजे एजंटमार्फत घेणारे, आजही ते देतायत. एजंटशिवाय घ्यायचे डायरेक्ट प्लॅन २०१३ च्या जानेवारीत आले, ते भावेंनंतरचे चेअरमन यू. के. सिन्हांच्या काळात. माझ्याकडून भावेंना पाचपैकी चार, एक कापला तो एकाच पत्त्यावरच्या त्या हजारो खात्यांसाठी.

आज देशात डिमॅट खाती वीस कोटींच्या वर आहेत. खाती सीडीएसएलकडे जास्त, मालाची किंमत एनएसडीएलकडे जास्त, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एनएसडीएल स्वतःच बाजारात लिस्ट झाली, म्हणजे तिचेही शेअर आता डिमॅट खात्यातच. आयपीओला मी अर्ज केला होता. लागला नाही.

जाता जाता खर्चाचं. वर्षाचा मेंटेनन्स चार्ज प्रत्येक ब्रोकरचा वेगळा आणि तो गुपचूप कापला जातो. तुमच्या नावावर पहिला होल्डर म्हणून एकच डिमॅट असेल आणि आत चार लाखांपर्यंतच माल असेल तर बेसिक खातं, म्हणजे बीएसडीए, मिळतं आणि त्याला मेंटेनन्स शून्य, चार ते दहा लाखांत वर्षाला शंभर रुपये. सप्टेंबर २०२४ पासून या मर्यादा लागू आहेत. आईचं, सासूबाईंचं खातं असेल तर आधी त्यांच्या स्टेटमेंटवर बघा ते नेमकं कुठल्या प्रकारात आहे, आणि नसेल बेसिकमध्ये तर ब्रोकरला फोन नको, मेल टाका, म्हणजे उत्तर लेखी येतं.